दिगंबरची ऐकायची खोली

दिगंबर गेल्याचं मला शिवराज सरांनी फोन करून सांगितलं. हा फोन त्यांनी का करावा, हे तेव्हापासून माझ्या मनातून जात नाही. दिगंबर माझा कॉलेजपासूनचा मित्र. नांदेडला होस्टेलच्या एकाच खोलीत आमची उमेदीची वर्षं गेली. त्याच्या घरच्या कुणी रडतरडत सांगितलं असतं तर ठीक होतं. पण लातूरच्या एका क्लासमध्ये पोरांना फिजिक्स शिकवणारा आणि दिगंबरला अगदी अलीकडे भेटलेला हा माणूस मला शांतपणे म्हणतो, "काका, दिगंबरकाका गेले. छातीत दुखायला लागलं म्हणाले, दवाखान्यात पोचेपर्यंतच... मीच होतो जवळ." मीच होतो जवळ! मित्र गेला हे नीट डोक्यात शिरण्याआधी मला हे शेवटचं वाक्य टोचलं. गेलेल्या माणसावरच्या लेखात असलं काय लिहायचं, असं लोक म्हणतील. म्हणू द्या. खोटं लिहायचं असतं तर मी माझ्या औषधाच्या दुकानात गप बसून राहिलो असतो.

होस्टेलच्या खोलीत टेपरेकॉर्डर त्याचा होता, पण कान दोघांचे. दोन खाटांच्या मध्ये स्टूल, स्टुलावर टेप, आणि दोन्हीकडून आमची डोकी त्याला चिकटलेली. गाणं संपलं की भांडण सुरू. मागं तंबोरे दोन होते की एक, तबलेवाल्यानं मध्येच हात आखडला की आपली कॅसेटच ताणली गेली होती, असल्या गोष्टींवरून जेवायची वेळ टळून जायची. "आरं, मगज हाय का भुस्सा? सारंगी हाय ती, व्हायोलिन न्हाई!" हे त्याचं आवडतं वाक्य. बरोबर कोण होतं हे कधी ठरलंच नाही, आणि ठरलं असतं तर आम्हाला मजाही आली नसती. पुढं तो लातूरला घरच्या दाल मिलमध्ये गेला, मी नांदेडात दुकान टाकलं. तरी महिन्या-दोन महिन्यांतून एकदा मी एसटी पकडून लातूर गाठायचो. बायको म्हणायची, माहेरी जायला मी एवढी उतावीळ नसते. खरंच होतं ते. दिगंबर स्टँडवर स्कूटर घेऊन उभा असायचा आणि घरी पोचायच्या आत नव्यानं काय आणलंय ते ओरडून सांगून टाकायचा.

मग त्याच्या डोक्यात ती नवी तबकडी शिरली. दिसायला साधी सीडीच, पण आवाजाचे बारकावे कितीतरी जास्त साठवणारी, आणि दोन नव्हे तर पाच बाजूंनी वाजणारी. जग मोबाइलवर फुकटात गाणी ऐकायला लागलं तेव्हा या गड्यानं असल्या तबकड्या वाजवणारा प्लेअर मागवला, आणि पाठोपाठ तबकड्या. सारंगीची एक, बाकी सगळ्या विलायती वाद्यवृंदाच्या. तुरीच्या भावावर घसा फोडणारा माणूस पन्नास व्हायोलिनं ऐकत बसणार! मी हसलो. आतून मात्र जळलो, कारण माझ्या घरी टीव्हीच्या खालची एक लांबट पेटी सोडली तर काहीच नव्हतं. प्लेअर आला, जुन्या अॅम्प्लिफायरला जोडला, आणि तबकडी मुकी! साधी सीडी वाजायची, ही नवी मात्र ढिम्म. रोज त्याचा फोन, "आरं, काहीच बोलंना ही." मला त्यातलं काय कळणार? तेवढ्यात मिलच्या हिशेबनिसानं शेजारच्या या शिवराज सरांना आणलं. एका वायरीतून या तबकडीचा आवाज पुढं जातच नाही, प्रत्येक स्पीकरची वायर वेगळी लागते आणि तेवढ्या वायरी घेणारा अॅम्प्लिफायरही नवा लागतो, हे त्यांनी पहिल्या चहाच्या आत सांगितलं. झालं. त्या दिवसापासून सर दर संध्याकाळी दिगंबरकडे.

पुढच्या वेळी गेलो तर मागची खोली ओळखू येईना. समोर तीन स्पीकर, मागं दोन. आवाज घुमू नये म्हणून कोपऱ्यांत तुरीची टरफलं भरलेली पोती उभी केलेली आणि त्यांवर वहिनींच्या जुन्या चादरी. खोलीला मिलचाच वास. आणि मधोमध एक खुर्ची. एकच! पाची स्पीकर त्या खुर्चीकडं तोंड करून. "खरा आवाज हितंच जुळतो," दिगंबर म्हणाला. आणि त्या खुर्चीवर कोण बसलेलं? शिवराज सर. मी एवढा एसटीचे धक्के खात आलो, आणि मला डावीकडच्या भिंतीला लावलेला दिवाण. माझं तोंड दिवसभर वाकडं होतं. बरं, दिवाणावर बसलं की डावा स्पीकर कानात बोंबलायचा. मी म्हणालो, "तुझा डावा स्पीकर लई चढलाय." तो म्हणाला, "तुझ्या कानात मळ हाय, नांदेडवाल्या." सर मान खाली घालून हसले. त्या हसण्याचा मला जो राग आला, तो परतीच्या प्रवासात अहमदपूर मागं पडलं तरी उतरला नव्हता. पुढंही दर खेपेला तेच. डावा स्पीकर अजून थोडा चढलेला, माझी तक्रार, त्याची शिवी, आणि खुर्चीवर ते सर. ते दोघं डोक्याला डोकं लावून काहीतरी बोलायचे आणि मी आलो की गप व्हायचे. एकदा मी वहिनींना म्हणालोसुद्धा, "याला आता मित्र बदलायचाय वाटतं." वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, तुमचं आपलं काहीतरीच!"

तेरावा झाल्यावर काही दिवसांनी वहिनींचा फोन आला. "भाऊजी, खोली तशीच हाय. मला बटण कुठलं दाबावं ते बी कळत न्हाई. तुम्ही अन् सर मिळून एकदा चालू करून द्या, मला ऐकायचंय." गेलो. सर आधीच येऊन बसलेले. या वेळी दिवाणावर. खुर्ची त्यांनी माझ्यासाठी मोकळी सोडली होती. इतक्या खेपांत जिच्यासाठी जीव तळमळला त्या खुर्चीवर मी बसलो. सरांनी सारंगीची तबकडी लावली. आणि काय सांगू... सगळा आवाज डावीकडं लोटलेला. उजवीकडं नुसती कुजबुज. मी भडकलो. "सर, एवढं फिजिक्स शिकवता आणि हे असलं जुळवून दिलंत त्याला?"

सरांनी आवाज बंद केला. "काका, त्यांचा डावा कान जवळजवळ गेला होता. सगळा जन्म मिलच्या मशीनजवळ गेला ना. हा प्लेअर घेतला तोही त्याच आशेवर. आवाज जेवढा बारीक आणि स्वच्छ, तेवढा परत ऐकू येईल असं वाटायचं त्यांना. मला खुर्चीवर बसवायचे आणि विचारायचे, डावीकडं आत्ता काय वाजलं? मी सांगायचो. मग स्वतः बसून तेच शोधायचे. नाही सापडलं की म्हणायचे, डावा अजून चढवा."

वहिनी दारातच खाली बसल्या. "मला बी न्हाई बोलले. ओरडून सांगावं लागायचं, मला वाटायचं मुद्दाम करतेत."

"मला का नाही सांगितलं त्यानं?" मी विचारलं.

"म्हणायचे, नांदेडवाल्याला कळलं तर तो भांडायचं सोडून देईल. माझंच बरोबर म्हणत बसेल. ते नको."

आता इथं माझे डोळे भरून यावेत, मन निवळावं, त्यानं आपली मैत्री कशी जपली म्हणून मी सरांचा हात धरावा, अशी तुमची अपेक्षा असेल. डोळे भरले, ते खरंय. मन मात्र निवळलं नाही. उलट असा हेवा वाटला की तसा तो खुर्चीचा किंवा प्लेअरचा कधी वाटला नव्हता. दिगंबरला जे ऐकू येत होतं, त्यावर तो माझ्याशी भांडला. जे ऐकू येत नव्हतं, ते त्यानं या माणसाला सांगितलं. आणि मला तेच हवं होतं. भांडायला काय, कुणीही मिळतं. मी त्याच्या शेजारी बसलो असतो आणि डावीकडचं सगळं त्याला सांगितलं असतं, अगदी खोटं न बोलता, सारंगीला सारंगी म्हणून... आणि भांडलोही असतो. माझ्यावर एवढा भरवसा त्यानं ठेवायला हवा होता.

सरांनी विचारलं, "डावा-उजवा सारखा करू का? काकूंना नीट ऐकता येईल." मी एकदम ओरडलो, "हात लावू नका!" वहिनीही म्हणाल्या, "राहू द्या तसंच." मग आम्ही तिघांनी ती तबकडी तशीच, एका बाजूला कललेली, शेवटपर्यंत ऐकली. माणूस नाहीये, पण त्याला जग कसं ऐकू येत होतं ते त्या खोलीत अजून आहे. पोत्यांतल्या टरफलांचा वासही आहे.

येत्या रविवारी मी पुन्हा लातूरला जाणार आहे. वहिनींना कळवलंय. सरांना कळवलेलं नाही. हे छापून आलं की त्यांना कळेलच, कळू दे. त्यांनी वाईट वाटून घेऊ नये, माणूस चांगलाच आहे. फक्त रविवारी त्यांनी तिकडं येऊ नये. मला दिगंबरशेजारी एकट्याला बसायचंय.