तात्यांनी ऐकलेलं इंग्रजी

मी तोंडी परीक्षेत एकदा नापास झाले आहे, हे मी लपवत नाही. बारामतीच्या कॉलेजात 'माझं गाव' हे भाषण इंग्रजीत घोकून गेले होते. तिसऱ्या वाक्याला एक शब्द निसटला आणि मागचंपुढचं सगळंच गेलं. मी खाली बघत उभी राहिले. आता फेरपरीक्षा होती. त्यातही तोंड उघडलं नाही तर पदवी अडणार होती, आणि आमच्या घरात दहावीच्या पुढं तोवर कुणी गेलं नव्हतं.

इंग्रजीच्या मॅडमनी आधी माझं पाठांतर बंद केलं. रोज घरच्या कुणापुढं तरी दहा मिनिटं बोल, म्हणाल्या. त्याला इंग्रजी नाही आलं तरी चालेल, तू कुठं घाबरलीस एवढंच त्यानं सांगायचं. आणि भीती वाटली की ती इंग्रजीतच सांगून टाकायची, गिळायची नाही.

आमच्या गावी, सणसरला, वडील म्हणजे आमचे तात्या उसाला पाणी देत असायचे. मी बांधावरून त्यांच्यासोबत इंग्रजीत बोलत चालायचे. तात्यांचं अर्धं आयुष्य मेंढरांमागं गेलेलं. पहिल्याच दिवशी खोरं टेकवून म्हणाले, "हितं दबकलीस. लांडग्याचा वास आला की मेंढराचा आवाज असाच बसतोय."

"म्हणजे मी मेंढरू?"

"मेंढरू बरं. आवाज बसला तरी ते गप बसत न्हाय."

महिनाभर हे चाललं. तात्या बरोबर जागा धरायचे. अवघड शब्दापाशी नव्हे, समोरचा हसेल असं मला वाटायचं तिथं. ते मला स्वतःलाही कळलं नव्हतं.

फेरपरीक्षेत घराबद्दल बोलायला सांगितलं. दुसऱ्याच वाक्याला मी दबकले. मी इंग्रजीत सांगितलं की मला भीती वाटतेय, आणि माझा आवाज बसला की वडील लांडगा आला म्हणतात. परीक्षक बाई हसल्या. लांडगा खरंच येतो का, म्हणाल्या. मग मी सुटलेच, चुका करत, पण थांबले नाही.

पास झाले. मार्क बेताचेच. घरी तात्यांनी ते विचारलेही नाहीत.

"लांडगा आलता का?"

"आलता."

"मग?"

"बोलत राहिले."

आता इंदापुरात मी इंग्रजी बोलायला शिकवते. मॅडमचं आणि तात्यांचं देणं डोक्यावर घेऊनच वर्गात जाते. नव्या मुलांना पहिल्या दिवशी एकच विचारते, घरी तुमचं ऐकणारं कोण आहे?