दोनदा दाबायचा ब्रेक

मंडळी, आज तळेगावात बाबांच्या जुन्या गाडीचा ब्रेकचा मास्टर सिलिंडर खोलला. बाबा गेल्यापासून गाडी उभीच होती.

मिस्त्रींनी आतली झिजलेली रबरं दाखवली. "दोनदा दाबल्याबिगर ब्रेक धरतच नसंल. लय वर्षं तसंच चालवलंय बगा."

आणि मी आयुष्यभर समजत होतो, बाबा भित्रे आहेत म्हणून दोनदा दाबतात!

नवी रबरं बसवली, ऑइल भरलं, ब्रेकच्या नळ्यांतली हवा काढली. आईला शेजारी बसवून लोणावळ्याला जाऊन आलो.

येताना कामशेतच्या उतारावर म्हशी आडव्या आल्या. आई पटकन बोलून गेली, "अहो, दोनदा दाबा!"

गाडी पहिल्याच दाबात थांबली होती. तरी मी पुन्हा दाबला.

तुम्ही नसता दाबला?