बुडालेल्या गावाची मापं

सांगतो, सगळं सांगतो, पण मध्येच हसायचं नाही! मास्तराची फजिती विद्यार्थ्यांच्या कानावर गेली, तर वर्गात तोंड दाखवायची सोय राहत नाही.

बाहत्तरच्या दुष्काळानंतरचा उन्हाळा. अकोले तालुक्याच्या डोंगरात इंग्रजांच्या काळात बांधलेलं एक धरण इतकं आटलं, की त्यात बुडालेलं जुनं गाव वर आलं. मी जवळच्या हायस्कुलात इतिहास शिकवायचो. शाळेच्या स्मरणिकेसाठी इंग्रजी अमलापासूनचा तालुक्याचा इतिहास लिहायचं मी हौसेनं अंगावर घेतलं होतं. म्हटलं, बुडालेल्या गावाचा नकाशाच छापू! हेडमास्तरांची साहेबी सोला हॅट मागून घेतली, ड्रॉइंग मास्तरांचा लांब टेप घेतला, नकाशासाठी कागद घेतले आणि निघालो.

पोचलो तो टळटळीत दुपारी. अशा वेळी ओसाड जागी जाऊ नये, असं आई सांगायची. पण आम्ही पडलो बी.ए.!

खाली उतरलो आणि चाल जरा मंदावली, खोटं कशाला बोलू? भेगाळलेला गाळ. गुडघ्याएवढी जोती, त्यांना ना भिंती ना छप्पर. झाडांचे काळे बुंधे. पाखराचासुद्धा आवाज नाही. मी मोठमोठ्यानं घसा खाकरत एका जोत्यावर चढलो आणि टेप पसरला.

"दारातनं या की!"

मी गर्रकन वळलो. एक म्हातारी. हातात केरसुणी. नसलेल्या घराची जमीन झाडत होती!

"द... दार कुठाय आजी?"

"त्ये काय," असं म्हणून तिनं मोकळ्या हवेत बोट दाखवलं. "आन् चपला भाईर काढा."

मी काढल्या. तुम्ही काय केलं असतं? तिच्या पायांकडे बघायचा धीर होईना. उलटे निघाले म्हणजे?

म्हातारी माझ्या हॅटकडे बघत राहिली, मग टेपकडे. तिचा आवाज एकदम खाली गेला. "मापं घ्याया आलायसा?"

"हो."

"समद्या घरांची?"

"हो... सगळ्या."

"पुन्यांदा?"

तो 'पुन्यांदा' ऐकला आणि मी एक पाऊल मागे सरकलो. तशी तिनं त्या ओसाड गावाकडे तोंड करून हाळी दिली, "ए धोंडू! भागे! राघू! उठा रं समदी! त्यो आलाय!"

आणि जमिनीतून माणसं उठली!

अहो खरंच! या जोत्याआडून एक, त्या जोत्याआडून दोन, पलीकडून एक बाई. मी हॅट सांभाळत जो पळालो, तो थेट ओल्या गाळात! गुडघ्यापर्यंत रुतलो. मागून ती सगळी मंडळी येत होती. मी डोळे मिटून रामरक्षा सुरू केली, तीही मधूनच!

भुतांनी मला बखोटीला धरून वर ओढलं. हात चांगले गरम होते.

भुतं कसली! वरच्या नव्या गावातली माणसं ती. पाणी हटलं म्हणून ज्याच्या त्याच्या जुन्या चुलीवर नैवेद्य दाखवायला आली होती आणि जेवून जोत्यांच्या आडोशाला लवंडली होती. मी हसायला लागलो. हसणारा मी एकटाच!

"धरनाची भित वाढिवनार हायेत ना?" धोंडूनं विचारलं. तो म्हातारीचा मुलगा. "खरं सांगा. आता वरचं गाव बी जानार?"

"छे हो! कोण म्हणालं?"

"मंग मापं कशाला?"

तेवढ्यात भागाबाई भांडीकुंडी बांधायला वर पळालीसुद्धा! "अहो बाई, थांबा!" मी ओरडलो, पण ती कसली थांबतेय? माझ्या स्मरणिकेपायी एक नांदतं गाव उठायच्या बेताला आलं होतं!

धोंडूनं मला चुलीपाशी बसवलं. म्हातारीनं कोरा चहा हातात दिला. मी आवाजात होता नव्हता तेवढा गोडवा आणला. "आजी, मी सरकारी माणूस नाही. साधा मास्तर आहे. तुमच्या गावाविषयी नुसतं लिहून घेतोय."

म्हातारीनं माझ्याकडे टक लावून पाहिलं.

"मी एवढीशी हुते तवा धरनाची मापं घ्याया त्यो गोरा सायेब आल्ता. डोईवर आशीच टोपी. हितंच बसला. च्या प्याला. त्यो बी ह्येच म्हनला हुता, नुसतं लिवून घेतो."

मी चहा खाली ठेवला. मला लाज वाटली, आणि आपणही त्या साहेबासारखेच ठरू, अशी भीतीही वाटली. कागद धोंडूच्या हाती दिले, म्हटलं, घाला चुलीत. त्यानं लगेच घातले. मग त्यालाच भागाबाईच्या मागे पिटाळलं.

निघताना म्हातारी मीठ-मोहऱ्या मुठीत घेऊन पुढे आली. मला अगदी भरून आलं. "राहू द्या हो आजी," मी मान लववून म्हणालो, "मास्तराची कसली दृष्ट काढताय?"

"तुमची न्हाई गुरुजी," ती मला हातानं बाजूला सारत म्हणाली. "घराची काढती."