सुमाची भिंत

फोन आला तेव्हा मी जुळे सोलापूरच्या आमच्या फ्लॅटमध्ये चहा गाळत होते. “ताई, सुमनबाई गेल्या... शाळेला निघाल्या होत्या, दारातच कोसळल्या,” तिच्या शाळेचे हेडमास्तर सांगत होते. सुमा माझी धाकटी बहीण. मंद्रूपच्या बाजूला एका खेड्यात तिनं आयुष्यभर शाळेत शिकवलं. शहरात बदली घे म्हणून मी कानीकपाळी ओरडायचे. “माझी भिंत अर्धी राहिलीय, अक्का,” हे तिचं ठरलेलं उत्तर.

ती भिंत म्हणजे शाळेच्या व्हरांड्यातली. तिच्यावर चौकटी आखलेल्या. गावातल्या एकेका आळीची एकेक ओळ, आणि रोजचा एक रकाना. मुलांनी सकाळी आपल्या आळीतला नळ बघायचा आणि शाळेत येऊन खडूनं मांडायचं. पाणी आलं तर गोल, नाही आलं तर फुली. सुरुवातीला पोरं सुट्टीच्या दिवशी नळ बघायला विसरायची आणि सोमवारी बेधडक फुल्या मारायची. सुमा शांतपणे ओलं फडकं हातात द्यायची. “पाणी आलं नाही हे वेगळं, आणि आपण बघितलं नाही हे वेगळं. बघितलं नाही तर चौकट रिकामी ठेवा.” मी चेष्टा करायचे, “मास्तरीण आहेस का पाणीवाली गं तू?” ती नुसती हसायची.

हा खटाटोप होता खालच्या आळीतल्या मुलींसाठी. त्या विहिरीवरून पाणी आणून मग शाळेत यायच्या, पहिला तास रोज बुडायचा. ग्रामपंचायत मात्र म्हणायची, सगळीकडं पाणी जातंय. शेवटी सुमानं ग्रामसभाच व्हरांड्यात भरवायला लावली. मी तेव्हा तिच्याकडंच गेले होते. एका सदस्यानं भिंतीकडं बोट दाखवून विचारलं, “मग ह्या रिकाम्या चौकटी? तवा पण पाणी न्हवतं म्हणायचं का?” हो म्हण सुमे, मी मनात म्हटलं. पण खालच्या आळीतली तस्लीम, तेव्हा चौथीत असलेली पोर, उठून म्हणाली, “न्हाय. त्या दिवशी आमी बगितलंच न्हाय.” सरपंच म्हणाले, “रिकामी जागा जी पोरगी भरत न्हाय, तिच्या फुल्या खोट्या कशा आसतील?” पुढं खालच्या आळीला वेगळी पाइपलाइन पडली. सुमाचा चेहरा त्या दिवशी बघायला हवा होता... माझा तर ऊर भरून आला होता.

तेराव्यानंतर तिचं सामान आणायला गेले. तस्लीम भिंतीपाशी खडू घेऊन उभी होती. सगळ्या ओळी भरलेल्या, फक्त सुमा गेली त्या दिवसाचा रकाना वरपासून खालपर्यंत कोरा.

“त्या दिवशी पाणी नव्हतं का गं?”

“आलं आसंल की. सगळी बाईंच्या दारात हुतो. कुनीच बगितलं न्हाय.”

“मग घरी विचारून भर की.”

तिनं माझ्याकडं असं बघितलं, की सुमाच बघतेय असं वाटलं. मग ती आजच्या रकान्याकडं वळली आणि खालच्या आळीच्या ओळीत तिनं गोल काढला.