नाव न घेता सांगितलेली जमीन

ऐंशी साल लागायच्या आसपास मी भंडाऱ्यात जमिनीची दलाली करत होतो. तहसील कचेरीसमोरच्या चहाच्या टपरीवर आम्ही दलाल सकाळी जमायचो. एकाकडे विकाऊ जमीन असायची, दुसऱ्याकडे गिऱ्हाईक. म्हणून माल एकमेकांना सांगावाच लागे. सौदा जुळला की दलाली अर्धी-अर्धी. मालकाचं नाव आणि गाव मात्र सांगायचं नाही. सांगितलं तर दुसरा दलाल परस्पर मालकाच्या दारात उभा राहायचा.

नदीकाठच्या कारधा गावची एक विधवा बाई शेजारणीला सोबत घेऊन माझ्या घरी आली. नवऱ्यामागे धानाची जमीन तिच्या नावावर लागली होती, पण कसत होता दीर. वर्षाचं धान तो द्यायचा, तेही चार शब्द ऐकवून. तिला जमीन विकून, मुलीला घेऊन कोंढ्याला माहेरी जायचं होतं.

"भाऊ, रजिस्ट्री होईपर्यंत माह्या दिराले कळू देऊ नका. तो मले निघूच देणार नाही."

"आमा दोघींशिवाय कोणाले माहीत नाही," शेजारीण म्हणाली.

दुसऱ्या दिवशी टपरीवर साकोलीचा दलाल मला म्हणाला, "काय हो, आज बी खडकच आणला का? तुमच्या जमिनीत धान नाही, गोटेच पिकते."

सगळे हसले. मला ते लागलं. मी म्हणालो, "नदीकाठची धानाची बांधी आहे. शेताच्या कडेला, धुऱ्यावर दोन जांभळीची झाडं, एका बुडातून निघाल्यासारखी. पाहून या, मग बोला."

नाव घेतलं नाही, गाव घेतलं नाही. पण कारध्याच्या पुलावरून जाणाऱ्या प्रत्येकाला ती जांभळं दिसत. सगळे एकमेकांकडे पाहू लागले, तेव्हा माझ्या लक्षात आलं.

दुसऱ्या सकाळी दीर टपरीवर हजर.

"कोणाले घ्याची आहे आमची जमीन? घ्या ना. फक्त नांगर घेऊन बांधीत उतरून दाखवा."

त्यानंतर एकही गिऱ्हाईक फिरकलं नाही.

बाई पुन्हा आली, या वेळी एकटी.

"भाऊ, तुम्ही तं कोठं बोलले नाही ना?"

"बाई, तोंड बंद ठेवणं हाच माझा धंदा आहे."

ती म्हणाली, "म्हणजे तिनंच सांगतलं."

मी गप्प बसलो. तिथे एक 'नाही' म्हटलं असतं तरी पुरे होतं. पण तोंड बंद ठेवणारा म्हणून गावोगावी माझी पत होती, आणि मला ती हवी होती.

बाईचं माहेरी जाणं राहिलं. ती दिराच्या हाताखाली त्याच बांधीत राबत राहिली, आणि शेजारणीशी एक शब्द बोलली नाही. दोघींच्या घरांमध्ये भिंत एकच. शेजारीण गावात शपथा घेत फिरते, असं कानावर यायचं. मी कारध्याला जाणं टाळू लागलो. धंदा मात्र चालू ठेवला.

मागच्या उन्हाळ्यात शेवटी कारध्याला गेलो. बाई ओसरीत तांदूळ निवडत होती. तिने मला ओळखलं. मी उभ्याउभ्याच तिला सगळं सांगितलं. ती शिव्या देईल अशी माझी तयारी होती.

"ते तं मेली," ती म्हणाली. "मरतेवेळी मले बलावलं होतं. मी नाही गेली."

तिने सुपातला एक खडा वेचून बाहेर टाकला.

"मले सांगून काय करता आता? तिच्या पोराइले जाऊन सांगा. त्याइची माय चुगलीखोर नव्हती म्हणून सांगा."

शेजारणीची मुलं नागपूरला असतात. मी अजून गेलेलो नाही.