दोनशे दगडांची भिंत

निरोप आला तेव्हा मी भिंगारला परांचीवर उभा होतो. धाकटा भाऊ खालून म्हणाला, "दादा, उतर... मिलिंद गेला." मी उतरलो नाही. हातातला थर पुरा केला. का, ते अजून सांगता येत नाही.

मिलिंद म्हणजे ह्याच भावाचा मुलगा. तिशीसुद्धा गाठली नव्हती. काविळीनं आठ दिवसांत नेला. नगरला कॉम्प्युटरचे वर्ग घ्यायचा आणि घरी एक गेम लिहायचा. मी चौथी शिकलेला गवंडी, मला त्यातलं काय कळणार? पण गेममध्ये दगडी भिंत पडायची, आणि भिंत मला कळते. पहिल्यांदा पाहिली तेव्हा म्हणालो, "ही भिंत न्हाई, पापडाची चळत हाय. दगूड असा पडतो व्हय?" तो हसला नाही. दुसऱ्या दिवशी अंगणात माझ्याकडून सिमेंटाशिवाय भिंत रचून घेतली. मी रचायची, त्यानं ढकलायची, कुठला दगड आधी सुटला ते वहीत लिहायचं. अख्खा उन्हाळा तेच. जन्मभर मी भिंती उभ्या केल्या, त्या पडतात कशा हे मला विचारणारा तो एकटाच.

मग मशीनवर दगड खरे पडू लागले. पण बाराच. तेरावा घातला की चित्र अडकायचं. मिलिंद म्हणायचा, "तात्या, प्रोसेसर म्हंजे एकटा मिस्त्री. दर दगडाचा हिशेब त्यानंच करायचा. चित्र काढणारं कार्ड नुसतं रंगवत बसतं. पडायचा हिशेब त्याच्यावर टाकला तर दोनशे दगूड पडतील."

"रंगाऱ्याच्या हातात कुनी ओळंबा देतं का? भिंतीला मिस्त्री एकच आसतो."

वर्षभर हेच भांडण. नगरचे दुकानदारही म्हणाले, ह्या नव्व्याण्णव सालच्या कार्डांना ते जमत नाही. मिलिंद म्हणे, "आज न्हाई जमत. पुढं जमंल." मी ताठ. एकदा त्याच्या विद्यार्थ्यांसमोर बोलून गेलो, "ह्याला सोताला हिशेब जमंना, म्हनून रंगाऱ्याच्या गळ्यात घालतोय." सगळे हसले. त्यानं मशीन बंद केलं. पुन्हा बोलावलं नाही, आणि मीही गेलो नाही. मी मोठा, मी कसा जाणार? दवाखान्यातसुद्धा उद्या जाऊ, उद्या जाऊ करत राहिलो...

परवा त्याच्या बायकोनं, सुनंदानं, बोलावून मशीन लावून दाखवलं. बाराच दगड पडले. तेराव्याला चित्र थांबलं. म्हणजे माझंच खरं. हे खरेपण घेऊन आता कुणाकडं जाऊ? उलट बोलणाराच राहिला नाही.

त्या खोलीत मी नेहमी सतरंजीवर बसायचो. आता टेबलाशी एक उंच पाठीची लाकडी खुर्ची आहे, नवी. सुनंदा म्हणाली, "भांडन झालं त्याच आठवड्यात सुताराकडून करून घेतली. तात्यांची पाठ दुखती, म्हनले. मलाबी बसू देत नव्हते."

मी रोज जातो. उभाच राहतो.