चहा देताना झालेला ठराव

“मावशी, बसलाय काय? चहाचं बघा की.”

सोसायटीच्या मीटिंगला मी पहिल्यांदाच गेलेले. ए विंगच्या पार्किंगमध्ये प्लास्टिकच्या खुर्च्या मांडलेल्या. मी मधल्या रांगेत बसले होते, ठेवणीतली साडी नेसून. चेअरमन माझ्याकडं बघून बोलले. मी मागं वळून पाहिलं. मागं कुणीच नव्हतं.

मी उठले. हे अजून मनाला जाळतं. सी विंगमधला फ्लॅट माझ्या नावावर आहे, मी इथं सभासद म्हणून आलेय, असं एक अक्षर तोंडातून फुटलं नाही. पदर खोचला आणि ए विंगमधल्या मॅडमच्या स्वयंपाकघरात गेले. त्या घरी मी रोज पोळ्या-भाजी करायचे. चहाचा डबा कुठं, साखर कुठं, सगळं हाताखालचं. आमचे मालक शिरोलीला फौंड्रीत असतात. त्यांची तेव्हा ड्युटी होती. जाताना म्हणाले होते, “तू जा. तुझ्या नावाचं घर हाय. खुर्चीवर नीट बस.” त्या खुर्चीवर मी धड टेकलेही नव्हते.

पातेलंभर चहा केला. ट्रे घेऊन बाहेर आले तर बरेच हात वर झालेले. मला वाटलं, चहा न मिळालेली माणसं हात करतायत. मी पळतच गेले त्यांच्याकडं. एकेकानं हात खाली घेतला आणि त्याच हातानं कप उचलला. मॅडमनी तर हसून “साखर कमी आहे ना गं?” म्हणून विचारलं. मी मान हलवली.

खोटं कशाला बोलू, या घरानं सुख दिलं. आधी आम्ही गावात भाड्याच्या एका खोलीत राहायचो. संडासाला बादली घेऊन रांग. पाहुणे आले की घरमालकीण दारात येऊन उभी. उचगावच्या बाजूला ही स्वस्तातली बिल्डिंग झाली आणि आम्ही हिंमत केली. संडास घरात. कडी आतून लावायची. पोरगी दार लावून अभ्यास करते. पहिल्या दिवशी मी नळ नुसता सोडून बघत राहिले होते.

पण भिंती अशा की खिळा ठोकला तर पलीकडच्यांचा पोपडा पडतो. शेजारी शिंकले की आमच्या पोरीची झोप मोडते. वरच्यांच्या बाथरूमचं पाणी आमच्या छताला. लिफ्ट सारखी बंद, बिल्डर फोन उचलत नाही. ते सगळं आम्ही चालवून घेतलं. घर बजेटमधलं, तर भिंतही बजेटमधलीच मिळणार. पण आम्हालाही बजेटमधलीच माणसं धरतील, हे कुणी सांगितलं नव्हतं. पुढं ए विंग, मागं आम्ही. बाग पुढं, बाकडी पुढं. आमच्या पोरांनी झोपाळ्याला हात लावला की वरच्या गॅलरीतून हाळी येते, “ए, सी विंग!” पोरांना दुसरं नावच नसल्यासारखं.

आमच्या वाट्याला एक गोष्ट मात्र झकास आली होती. टेरेस. उन्हाळ्यात वर्षाची चटणी करायची तर मिरची कडक वाळली पाहिजे, नाहीतर डंकावर कुटताना तिचा गोळा होतो. भाड्याच्या खोलीत त्यासाठीसुद्धा परवानगी मागायला लागायची. इथं माझ्या घरावर माझं ऊन होतं. सी विंगच्या आम्ही सगळ्या बायका वर जायचो, जुन्या साड्या अंथरायच्या, मिरच्या पसरायच्या, देठं खुडत गप्पा मारायच्या. मी कांदा-लसणाच्या चटणीच्या ऑर्डरीही घ्यायचे. पोरीच्या कॉलेजला त्याचाच आधार. मॅडमची बरणीही दरवर्षी मीच भरायचे.

मीटिंगनंतर थोड्याच दिवसांनी मिरच्यांचं पोतं डोक्यावर घेऊन जिना चढले. टेरेसला नवं कुलूप. खाली येऊन वॉचमनला विचारलं.

“वैनी, टेरेस बंद. ठराव झालाय. मिरचीचा ठसका ए विंगला जातोय, आणि वाळवण त्यांच्या गॅलरीतनं बरं दिसत न्हाय म्हणं.”

“कुणी केला ठराव?”

“एकमतानं झालाय की. तुमी हुता की तितं. चहा देत हुता.”

पोतं तिथंच जिन्यात टेकवलं. ते हात. मी ज्यांच्याकडं पळत गेले ते हात. माझ्या टेरेसवर कुलूप घालायला वर झालेले, आणि मी त्यांना गरम चहा देत होते. एकमतानं. म्हणजे माझंही मत त्यांनी त्यातच धरलं होतं.

दुसऱ्या दिवशी कामावर गेले. मॅडम म्हणाल्या, “यंदा चटणी जरा जास्त कर हं. पुण्याला लेकीकडं पाठवायची आहे.”

“मिरची वाळवू कुठं?”

“करता गं तुम्ही लोक काहीतरी.”

कणीक भिजवत होते. हात धुतले. “मॅडम, तुमचाबी हात वर हुता. यंदा तुमच्या बरणीत माजी चटणी न्हाय. आणि उद्यापासनं मीबी न्हाय.” मी कणीक तशीच परातीत सोडून आले. घरात काय सांगू, याचीच भीती. मालक ऐकून एवढंच म्हणाले, “बरं केलंस.”

मग मी सी विंगची दारं वाजवली. मीटिंगला का आला नाहीत? कुणाची ड्युटी, कुणाचं पोर आजारी, कुणी म्हणालं, “आमचं तितं काय काम?” हेच तर त्यांना हवं होतं. मी सगळ्यांना त्या वर झालेल्या हातांची आणि चहाची गोष्ट सांगितली. सांगताना दर वेळी लाज वाटली. तरी सांगितली.

पुढच्या मीटिंगला आम्ही सगळ्या गेलो. मी पहिल्या रांगेत बसले. चेअरमननी चष्म्यावरून पाहिलं.

“मावशी, चहा?”

“मी चहा द्यायला आले न्हाय. मत द्यायला आलेय. चहा पायजे त्यानं उठावं.”

कुणी उठलं नाही. चेअरमन म्हणाले, “ताई, गैरसमज झाला तुमचा.” तेवढ्यात मी मावशीची ताई झाले. मग त्यांनी खुर्च्या बघितल्या, आमच्या विंगच्या बायका बघितल्या आणि टेरेसचा विषय पुढच्या मीटिंगवर ढकलून सगळ्यांना घरी पाठवलं.

कुलूप अजून आहे. मॅडमकडं दुसरी बाई लागली. मला नवं काम मिळालेलं नाही. गॅलरीत कोंबलेल्या मिरच्या दमट राहून काळ्या पडल्या, घेतलेल्या ऑर्डरींना मी नाही म्हणून कळवलं. पोरीसमोर रडलेही.

पण मीटिंग पुन्हा लावावीच लागेल. मी पहिल्याच रांगेत असेन. हातात ट्रे नसेल. हात वर करीन, आणि तो मोजल्याशिवाय त्या पार्किंगमध्ये कुणालाही ‘एकमतानं’ म्हणू देणार नाही.